चार फुटांचं अंतर: साउदॅम्प्टन बंदरातल्या एका टगच्या निर्णयाचा प्रकरण अभ्यास

१० एप्रिल १९१२. साउदॅम्प्टनहून दुपारी बारा वाजता 'टायटॅनिक' निघाली आणि काही मिनिटांतच धक्क्याला बांधलेल्या 'न्यूयॉर्क' या जहाजाचे दोर तुटले. ते मोकळं झालेलं जहाज मागच्या बाजूने टायटॅनिककडे ओढलं जाऊ लागलं. 'व्हल्कन' नावाच्या टगने (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीने) त्याला अडवलं तेव्हा दोन जहाजांत जेमतेम चार फूट, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास जागा उरली होती.

पाच दिवसांनी जे घडलं त्यापुढे ही घटना झाकोळली गेली. तिचा उल्लेख होतो तो बहुतेक 'अपशकुन' म्हणून. मला ते फार खटकतं. बंदरातली मोठी जहाजं, त्यांच्याभोवतीचं पाणी आणि टगवरच्या माणसांचं कौशल्य या तिन्ही गोष्टी इतक्या स्पष्टपणे एकत्र दिसतील अशी दुसरी घटना शोधूनही मिळणार नाही. म्हणून इथे ती स्वतंत्र प्रकरण म्हणून मांडतो आहे. जहाजांची नावं ठेवली आहेत, कारण त्यांची मापं या प्रकरणाच्या मुळाशी आहेत. माणसांचा उल्लेख मात्र हुद्द्यानेच केला आहे: कप्तान, पायलट (बंदरातून जहाज नेणारा स्थानिक वाटाड्या), टगचा कप्तान. व्यक्तींची नावं आली की चर्चा दोषारोपाकडे वळते आणि निर्णय बाजूला राहतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अटलांटिक ओलांडणारी प्रवासी जहाजं झपाट्याने वाढली. १८८८ साली पाण्यात उतरलेलं 'न्यूयॉर्क' (मूळ नाव 'सिटी ऑफ न्यूयॉर्क') त्या काळी मोठ्यांतलं मोठं समजलं जाई. त्याची नोंदणीकृत क्षमता साधारण साडेदहा हजार टन. १८९९ सालची 'ओशनिक' सतरा हजार टनांच्या पुढे गेली. टायटॅनिकची क्षमता ४६,३२८ टन, लांबी ८८२ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे २६९ मीटर, आणि भरलेल्या जहाजाचा पाण्याखालचा भाग साधारण साडेदहा मीटर खोल. पंचवीस वर्षांच्या आत जहाज चौपटीहून मोठं झालं. नदीचं पात्र तेवढंच राहिलं. गाळ काढून खोली वाढवता येते, नवी गोदी बांधता येते आणि साउदॅम्प्टनला ती बांधलीही होती. १९११ मध्ये सुरू झालेली ती गोदी या नव्या जहाजांसाठीच होती. पण गोदीतून बाहेर पडल्यावर टेस्ट नदीचा जो प्रवाहमार्ग लागतो, त्याच्या काठाने जुने धक्के होते आणि त्यांना जहाजं बांधलेली असायची.

अशा जहाजाला बंदरात स्वतःच्या ताकदीवर वळता येत नाही. आजच्या अनेक प्रवासी जहाजांना पुढच्या बाजूला आडवे ढकलणारे थ्रस्टर असतात, मागे गोल फिरणारे प्रोपेलरचे पॉड असतात. टायटॅनिकला यातलं काहीच नव्हतं. तीन प्रोपेलर होते. त्यातले बाहेरचे दोन वाफेच्या इंजिनांवर चालत आणि उलटे फिरवता येत. मधला टर्बाइनवर चालायचा, उलटा फिरायचा नाही आणि बंदरातल्या हालचालींच्या वेळी वापरातही नसायचा. सुकाणू नेमकं या मधल्या प्रोपेलरच्या मागे. मधला प्रोपेलर थांबलेला असला की सुकाणूवर जोराचा प्रवाह येत नाही आणि कमी वेगात जहाज सुकाणूला फारसं दाद देत नाही. गोदीतून बाहेर काढणं, नव्वद अंशात वळवून प्रवाहाच्या दिशेला तोंड करून देणं, ही सगळी कामं त्यामुळे टगची.

साउदॅम्प्टनमध्ये हे काम 'रेड फनेल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे टग करत. 'हर्क्युलिस', 'नेपच्यून', 'हेक्टर' आणि व्हल्कन ही त्यांतली काही नावं. त्या काळचे टग वाफेवर चालायचे. आजच्या टगसारखं जागच्या जागी गर्रकन फिरणं किंवा कोणत्याही दिशेला सारख्याच जोराने ओढणं त्यांना जमत नसे. टग कुठे उभा आहे आणि दोर कोणत्या बाजूने लावला आहे, यावरच त्याचं सगळं बळ ठरायचं.

त्या दिवशीची परिस्थिती

फेब्रुवारीच्या अखेरीस ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांनी देशव्यापी संप पुकारला होता. संप ६ एप्रिलला मिटला, पण चार दिवसांत बंदरात कोळसा पोहोचणं शक्य नव्हतं. कोळशाअभावी अनेक जहाजं साउदॅम्प्टनमध्येच अडकली होती आणि टायटॅनिकसाठी लागणारा कोळसा तिच्याच मालक समूहाच्या इतर जहाजांतून काढून घेतला गेला होता. उभ्या जहाजांची गर्दी इतकी की जागा पुरेना. मग एकाच धक्क्याला एकाशेजारी एक अशी दोन जहाजं बांधायला सुरुवात झाली. टेस्ट नदीच्या बाजूच्या ३८ क्रमांकाच्या धक्क्याला आतल्या बाजूने ओशनिक आणि तिच्या बाहेरच्या अंगाला न्यूयॉर्क अशी जोडी होती.

हे तपशील कंटाळवाणे वाटतील, पण प्रकरणाचा पाया तेच आहेत. एरवी तिथे एकच जहाज असतं. दोन जहाजं बांधल्यामुळे जाण्यायेण्याची वाट एका जहाजाच्या रुंदीने अरुंद झाली. शिवाय बाहेरचं जहाज धक्क्याला थेट टेकलेलं नसतं. त्याचे काही दोर आतल्या जहाजाला आणि काही धक्क्यापर्यंत लांब गेलेले असतात. लांब दोर, वेगवेगळे कोन, वेगवेगळा ताण. शांत पाण्यात अशी बांधणी पुरेशी असते, पण धक्के बसायला लागले की सगळे दोर मिळून एकदम भार घेत नाहीत. सगळ्यात ताठ असलेला आधी तुटतो, मग त्याचा भार शेजारच्यावर जातो.

एक गोष्ट आधीच माहीत होती

टायटॅनिकच्या जुळ्या जहाजाने, 'ऑलिंपिक'ने, याआधीच्या दहा महिन्यांत दोनदा हाच धडा दिला होता.

पहिला प्रसंग जून १९११ चा. ऑलिंपिक पहिल्याच फेरीत न्यूयॉर्क बंदरात धक्क्याला लागत होती आणि डझनभर टग तिला मदत करत होते. जहाजाच्या प्रोपेलरने अचानक पाणी खेचलं आणि त्यांतला एक टग तिच्या मागच्या भागाखाली ओढला गेला. टगचं नुकसान झालं आणि प्रकरण दाव्यांपर्यंत गेलं.

दुसरा प्रसंग २० सप्टेंबर १९११ चा, साउदॅम्प्टनजवळच्या सोलंट सामुद्रधुनीतला. ऑलिंपिक आणि ब्रिटिश नौदलाची क्रूझर 'हॉक' समांतर जात असताना हॉक अचानक ऑलिंपिककडे वळली आणि तिच्या मागच्या भागावर आदळली. नौदलाच्या बाजूने पाण्याच्या ओढीचा मुद्दा मांडला गेला आणि प्रतिकृतींवर केलेल्या प्रयोगांची साक्ष आली. डिसेंबर १९११ मध्ये न्यायालयाने दोष ऑलिंपिकवर ठेवला. तिच्यावर सक्तीचा बंदर पायलट असल्यामुळे कंपनी नुकसानभरपाईतून सुटली, पण मोठ्या जहाजाशेजारचं पाणी लहान जहाजाला ओढतं, ही गोष्ट न्यायालयाच्या कागदावर आली होती. कंपनीने अपील केलं आणि वाद पुढे काही वर्षं चालला.

हॉकशी टक्कर झाली त्या दिवशी ऑलिंपिकवर जो कप्तान आणि जो पायलट होता, तेच दोघं १० एप्रिलला टायटॅनिकच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या उंच मंचावर होते.

अडचण कशी उभी राहिली

टगांनी टायटॅनिकला गोदीबाहेर काढलं, डावीकडे वळवून नदीच्या प्रवाहमार्गात सरळ केलं आणि ओढण्याचे दोर सोडले. इथून पुढे जहाज आपल्या इंजिनांवर हळूहळू निघालं. न्यूयॉर्क आणि ओशनिक तिच्या डाव्या हाताला होत्या.

अशा वेळी पाण्यात काय चालतं ते नीट समजून घ्यायला हवं. बावन्न हजार टन पाणी बाजूला सारणारं जहाज उथळ, अरुंद वाटेतून जातं तेव्हा सारलेल्या पाण्याला मागे परतायला फक्त बाजूच्या आणि तळाच्या फटी उरतात. सिरिंजचा दट्ट्या पुढे सरकावा तसं ते पाणी कडेच्या फटींतून वेगाने मागे धावतं. जहाजाच्या नाकासमोर दाब वाढून पातळी चढते, मधल्या भागाशेजारी वेग वाढून दाब आणि पातळी दोन्ही उतरतात. धक्क्याला बांधलेलं जहाज हा सगळा फेरा अनुभवतं. आधी ते ढकललं आणि वर उचललं जातं, तेव्हा त्याचे दोर सैल पडतात. क्षणात ते खाली येऊन बाहेर ओढलं जातं, आणि सैल दोर हिसक्याने ताठ होतात. सावकाश वाढलेला भार पेलणारा दोर हिसक्याला टिकत नाही.

या ओढीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग निम्मा केला तर ओढ जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते. दोन जहाजांतलं अंतर आणि तळाखालचं पाणी हे दोन घटक बंदरात फारसे हातात नसतात. वेग तेवढा हातात असतो.

न्यूयॉर्कचे दोर एकामागून एक तुटले. प्रवाशांनी नंतर लिहिलेल्या हकीकतींत तो आवाज पिस्तुलाच्या बारांसारखा होता असं आहे. तुटलेल्या दोरांची टोकं हवेत उसळली, धक्क्यावरची गर्दी मागे पळाली. न्यूयॉर्कला लावलेली शिडी पाण्यात गेली. आता जहाजाचा मागचा भाग मोकळा झाला आणि ते फिरत टायटॅनिकच्या बाजूला येऊ लागलं. कोळशाविना उभं असलेलं ते जहाज स्वतःला सावरू शकेल अशा स्थितीत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

निर्णय दोन ठिकाणी घ्यायचे होते, आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांशी सविस्तर बोलायला सवड नव्हती.

टायटॅनिकच्या ब्रिजवर पहिला पर्याय होता वेग वाढवून पुढे निघून जाण्याचा. वरवर तो सोयीचा वाटतो. पण वेग वाढला की ओढही वाढते, आणि दोनशे सत्तर मीटर लांबीचं जहाज निघून जायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी चार-पाच फुटांचा हिशेब संपतो. दुसरा, इंजिनं नुसती थांबवण्याचा. पण एवढ्या वजनाचं जहाज इंजिन बंद केल्याने थांबत नाही, सरकत राहतं. तिसरा, इंजिनं उलटी फिरवून जहाज रोखण्याचा. त्यात जहाजाच्या मागच्या भागाजवळचं पाणी खवळतं, तिथे कोणी लहान नाव असेल तर तिला धोका असतो. तरी पुढची गती मारण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग होता.

व्हल्कनच्या कप्तानासमोरचा पेच जास्त अवघड होता. टायटॅनिकचे दोर सुटल्यावर व्हल्कन तिच्या मागच्या बाजूला होता. टगच्या कप्तानाने नंतर सांगितलेल्या हकीकतीनुसार, जहाजावरून उतरणाऱ्या माणसांना घ्यायला तो डाव्या बाजूने जात होता. म्हणजे त्या क्षणी त्याच्यावर कोणताही दोर नव्हता, कोणतंही ओढण्याचं काम नव्हतं, आणि तो न्यूयॉर्कच्या जवळ होता. ही नेमणूक कोणी विचारपूर्वक केली नव्हती. माणसं उतरवायची बाकी होती म्हणून तो तिथे होता.

त्याला ढकलायला सांगितलं जात होतं. टायटॅनिकवरून दिसणारा सरळ उपाय तोच होता: टगने दोन जहाजांच्या मधे शिरावं आणि न्यूयॉर्कला नाकाने रेटून धक्क्याकडे परत न्यावं. ढकलण्यात दोर लागत नाही, वेळ वाचतो आणि जोर थेट पोहोचतो. पण दोन्ही जहाजं एकमेकांकडे येत असताना त्यांच्या मधे टग घालणं म्हणजे त्याला सांडशीत देणं. न्यूयॉर्क थांबलं नाही तर टग चिरडला जाणार. शिवाय टायटॅनिकचे प्रोपेलर उलटे फिरू लागले तर तिथलं पाणी टगला कुठे नेईल याचा भरवसा नाही. ऑलिंपिकच्या मागच्या भागाखाली गेलेल्या टगची गोष्ट दहाच महिन्यांपूर्वीची होती.

दुसरा पर्याय ओढण्याचा. न्यूयॉर्कच्या मागच्या कोपऱ्यावर बाहेरून दोर चढवायचा आणि तिला टायटॅनिकपासून दूर खेचायचं. टग मोकळ्या पाण्यात राहतो, चिरडला जात नाही. अडचण वेळेची. आधी बारीक दोरी फेकायची, वरच्या माणसाने ती पकडायची, तिला बांधलेला तारेचा जाड दोर वर ओढून खुंटाला अडकवायचा, वरून 'झालं' असा इशारा आला की मग टगने हळूहळू ताण घ्यायचा. हिसका दिला तर तार तुटते. आणि आडव्या बाजूने जोराचा ताण आला तर जुन्या धाटणीचा टग स्वतःच कलंडू शकतो. अशा अपघातात टग काही सेकंदांत उलटतो. टगवरच्या माणसांना हा धोका कधीच नवा नसतो.

तिसरा पर्याय बाजूला होण्याचा. तोही विचारात घ्यायला हवा, कारण टगवरच्या माणसांचे जीव हीही टगच्या कप्तानाचीच जबाबदारी होती.

काय केलं गेलं

ब्रिजवरून इंजिनं उलटी फिरवण्याचा हुकूम गेला आणि टायटॅनिकची पुढची गती मरू लागली. त्याच वेळी व्हल्कनच्या कप्तानाने मधे शिरायला नकार दिला. त्याने टग वळवला, न्यूयॉर्कच्या डाव्या मागच्या कोपऱ्यावर तार चढवली आणि ओढायला सुरुवात केली.

ती तार तुटली.

या क्षणी काय झालं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. टगवरच्या माणसांनी दुसरी तार लगेच चढवली. अशा गडबडीत दुसरी तार तेव्हाच चढते जेव्हा ती डेकवर गुंडाळून, टोक मोकळं ठेवून, फेकायची दोरी हाताशी घेऊन तयार असते. ती जर खाली कोठारात असती, किंवा पहिल्या तारेच्या गुंत्यात अडकली असती, तर चार फुटांचं अंतर शून्यावर यायला वेळ लागला नसता. टगच्या कप्तानाचा निर्णय अचूक होता, पण तो अचूक ठरला डेकवरच्या माणसांमुळे.

दुसऱ्या तारेने न्यूयॉर्कला धरलं. टायटॅनिक थांबत होती आणि पाण्याची ओढ त्यामुळे कमी होत होती. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून धडक टळली. नुसत्या टगने एवढ्या मोठ्या जहाजाला ओढीविरुद्ध धरून ठेवणं कठीण होतं. उलट टायटॅनिकने नुसती इंजिनं फिरवली असती तर मोकळं सुटलेलं न्यूयॉर्क आपल्या गतीने येतच राहिलं असतं.

त्यानंतर बाकीच्या टगांनी न्यूयॉर्कला ताब्यात घेऊन तिथून हलवलं. शेजारच्या ओशनिकच्या दोरांचीही काळजी घेतली गेली, कारण टायटॅनिकला पुन्हा तिच्यासमोरूनच जायचं होतं.

निष्पत्ती

कोणी दगावलं नाही आणि जहाजांची धडक झाली नाही. टायटॅनिकला साधारण तासाभराचा उशीर झाला आणि शेरबुर्गला ती तेवढीच उशिरा पोहोचली. जहाजावरच्या एका प्रवाशाने, जो क्वीन्सटाउनला उतरून गेला, न्यूयॉर्क जवळ येतानाची छायाचित्रं काढली होती. त्यामुळे ही घटना कशी दिसली हे आजही पाहता येतं. बांधलेलं जहाज पाण्याच्या ओढीने किती दूर येऊ शकतं हे ती छायाचित्रं पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

निर्णयाच्या जागा

घटना घडल्यावरच्या दोन निर्णयांबद्दल माझ्या मनात शंका नाही. ब्रिजवरचा हुकूम योग्य होता आणि टगच्या कप्तानाचा नकार त्याहून योग्य होता. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून येणारी सूचना धुडकावणं टगच्या माणसाला सोपं नसतं. तो भाड्याने घेतलेला असतो, समोरचा माणूस हुद्द्याने मोठा असतो आणि काही बिघडलं तर आधी टगकडे बोट दाखवलं जातं. तरीही टगची जागा काय असावी हे टगवरच्या माणसालाच दिसतं. उंच ब्रिजवरून खालच्या पाण्याची फट दिसत नाही. काय साधायचं ते ब्रिजने सांगावं, कसं साधायचं ते टगने ठरवावं, हा कामाचा वाटा असलाच पाहिजे.

खरी चूक याआधीच्या टप्प्यावर शोधायला हवी.

टायटॅनिक सरळ झाली आणि टगांचे दोर सुटले, तेव्हा 'टगांचं काम संपलं' असं गृहीत धरलं गेलं होतं. जहाज वळवणं हे टगांचं काम मानलं गेलं, बांधलेल्या जहाजांसमोरून जाणं हे कोणाचंच काम मानलं गेलं नाही. पायलटचं सगळं लक्ष चालत्या जहाजावर असतं. धक्क्यावरच्या माणसांचं लक्ष आपल्या जहाजाच्या दोरांवर असतं, तेही जर कोणी तिथे असेल तर. चालतं जहाज आणि बांधलेलं जहाज यांच्या मधल्या पाण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

आणि ती देता येण्यासारखी होती. टायटॅनिक, ओशनिक आणि न्यूयॉर्क ही तिन्ही जहाजं एकाच अमेरिकी भांडवली समूहाच्या छत्राखालची होती. गोद्या रेल्वे कंपनीच्या मालकीच्या, टग एकाच कंपनीचे. निरोप द्यायला लांब जावं लागलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त उपाय दोरांचा. बाहेरच्या जहाजाला जादा दोर, शक्य तितक्या सारख्या लांबीचे आणि सारख्या ताणाचे, आणि जहाज जाईपर्यंत दोरांजवळ माणसं. आज बहुतेक मोठ्या बंदरांत समोरून मोठं जहाज जाणार असेल तर बांधलेल्या जहाजाला आधी कळवतात, दोर ताणून घेतात, शिड्या उचलतात. न्यूयॉर्कची शिडी पाण्यात गेली यावरून तिथे ही तयारी नव्हती हे दिसतं. मात्र दोर वाढवून ओढ कमी होत नाही, ती फक्त सोसता येते.

दुसरा उपाय वेगाचा, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. वेग फार कमी केला तर जहाज सुकाणू मानत नाही आणि वाऱ्याने किंवा प्रवाहाने आडवं जाऊ शकतं. मग काय करायचं? इथेच टग पुन्हा लागतो. जहाजाच्या मागे एक टग दोर लावून ठेवला तर तो सुकाणूचं काम करतो, आणि जहाजाला सुकाणूच्या भरवशावर वेग ठेवायची गरज उरत नाही. टग सोडण्याचा निर्णय आणि वेगाचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय नाहीत. टग लवकर सोडला की वेग वाढवावाच लागतो, आणि वेग वाढला की बांधलेली जहाजं धोक्यात येतात. धक्क्यांची रांग मागे पडेपर्यंत दोर न सोडणं, हा त्या दिवशीचा सर्वांत परिणामकारक पर्याय ठरला असता असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा उपाय म्हणजे न्यूयॉर्कजवळ एक टग आधीच उभा ठेवणं, धक्क्याकडे रेटून धरायला किंवा सुटलं तर पकडायला. व्हल्कनने योगायोगाने केलेलं काम ठरवून सोपवणं, एवढाच याचा अर्थ. खर्च होता तो एका टगच्या तासाभराचा. दोन जहाजं एकमेकांत येण्याआधीच, ती सुरक्षित अंतरावर असताना, बांधलेल्या जहाजाला बाहेरून धक्क्याकडे रेटून धरायला काहीच धोका नसतो. ढकलण्याचा जो उपाय घटनेच्या वेळी जीवघेणा ठरला असता, तोच अर्धा तास आधी अगदी बिनधोक होता.

चौथा, न्यूयॉर्कला त्या दिवसापुरतं दुसरीकडे हलवण्याचा. जहाजांची गर्दी पाहता ते कठीण होतं हे मान्य. पण धडक टळल्यानंतर तिला हलवलंच, म्हणजे कुठेतरी जागा होती.

टगांची रचनाही त्यानंतर बदलली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियन अभियंता एर्न्स्ट श्नायडरच्या कल्पनेतून उभ्या पात्यांचा प्रोपेलर तयार झाला आणि १९५०च्या दशकापासून तो टगांवर येऊ लागला. त्यामुळे आणि पुढे आलेल्या गोल फिरणाऱ्या प्रोपेलरमुळे टगला कोणत्याही दिशेला ओढता आणि ढकलता येतं, उलटण्याचा धोकाही बराच कमी झाला. व्हल्कनसारख्या टगला दोर लावायच्या आधी आपलं तोंड कुठे आहे याचा विचार करावा लागायचा. आज टगचा कप्तान त्याच जागी उभा राहून दिशा बदलू शकतो.

पण यंत्र सुधारल्याने टग कमी लागतात, असा हिशेब मांडणाऱ्यांशी मी सहमत नाही. फेब्रुवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात टग कामगारांचा संप असताना 'क्वीन मेरी' टगांशिवाय धक्क्याला लागली. कप्तानाचं ते कौशल्य थोरच होतं. मात्र त्यावरून 'टग नसले तरी चालतं' हा निष्कर्ष निघत नाही. टग नाहीत हे आधी माहीत असताना, सगळं लक्ष त्याच एका गोष्टीवर ठेवून, सावकाश केलेली ती कसरत होती. १० एप्रिल १९१२ ला दोर तुटले तेव्हा कोणालाही आधी माहीत नव्हतं. तशा वेळी उपयोगी पडतो तो जवळच असलेला, ज्याच्यावर दुसरं काम नाही असा टग, आणि त्याच्या डेकवर तयार ठेवलेली दुसरी तार. आज बंदरात मोठ्या जहाजाच्या जाण्यायेण्याचा आराखडा तयार होतो तेव्हा किती टग लागतील हा प्रश्न विचारला जातोच. त्यांतला कोणता टग, कोणत्या धक्क्यापर्यंत, बांधलेल्या कोणत्या जहाजाजवळ मोकळा राहील, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असायला हवं.